मामाजींच्या दातावरचा तिरंगी गोल

मी विमानं बनवतो, हे आमच्या मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, लग्नानंतर बारा वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. प्लास्टिकची हो! खोक्यात सुटे भाग येतात. ते घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, की वीतभर लढाऊ विमान तयार. पण मामाजी आंजीचे शेतकरी, कडक माणूस. जवाई ऑफिसातून आला की घरीही फायली पाहतो, अशी त्यांची समजूत. ते येणार म्हटलं की बायको, वैशाली, माझं अख्खं हवाई दल दिवाणात कोंबायची.

त्या दिवशी ते वर्ध्याला आले, ते माझ्या मेहुण्याच्या लग्नाची बोलणी करायला समुद्रपूरला जायचं म्हणून. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत; आता मोठ्यांची बैठक. मामाजी आंघोळीला गेले आणि मी विमान बाहेर काढलं.

"अजी, आता कायले काढून राह्यले ते?" वैशाली ओरडली.

"एकच गोल राह्यला पंखावरचा! पाच मिनिटं!"

हे गोल म्हणजे कागदावरची पातळ चित्रं. पाण्यात भिजवली की कागदावरून सुटतात, मग चिमट्यानं विमानावर सरकवायची. मी डोळ्यांना भिंग लावलं (ते लावलं की चिमट्याच्या टोकापलीकडे मला काहीही दिसत नाही) आणि केशरी-पांढरा-हिरवा गोल वाटीतल्या पाण्यात सोडला.

तेवढ्यात बाथरूमची कडी वाजली! विमान दिवाणात टाकून परत येतो, तर मामाजी खुर्चीत पेपर वाचत बसलेले. टेबलावर एकसारख्या दोन स्टीलच्या वाट्या. एकीत स्वच्छ पाणी. दुसरीत नुसता पांढरा कागद तरंगत होता. गोल गायब!

मी टेबलाखाली रांगलो. चटई झटकली.

"काय शोधून राह्यले, जवाईबापू?" मामाजींनी विचारलं.

"फाईल, मामाजी."

"टेबलाखाली?"

मी उठलो आणि गाडी काढली.

मामाजी पुढे बसले, वैशाली मागे. हिंगणघाटच्या अलीकडे मामाजींना जांभई आली. मी सहज बघितलं, आणि गाडी रस्त्याकडेच्या कापसाच्या पराटीत घालता घालता वाचलो. वरच्या दोन दातांवर, बरोब्बर मधोमध, तिरंगी गोल! तेव्हा उलगडा झाला. मी गोल सोडला तो आंघोळीआधी मामाजींनी आपली कवळी काढून ठेवली होती त्या वाटीत!

समुद्रपूरला उतरल्यावर मी वैशालीच्या कानात सगळं सांगितलं.

"बापा!" तिनं कपाळावर हात मारला. "त्यायले सांगसान तर इथूनच वापस जातीन. चूप राहा. तसेही बाबा कधी हासत नाईत."

तेही खरंच. आमच्या लग्नाच्या अल्बमात मामाजी एकदाही हसलेले नाहीत.

पण मुलीचे वडील निघाले गप्पिष्ट मास्तर! पोरांच्या उत्तरपत्रिकांचे किस्से सुरू झाले. मी प्रत्येक किस्सा मध्येच तोडत होतो. "यंदा कापसाचं कसं आहे?" "बोंडअळी फार आहे का?" मास्तर माझ्याकडे दयेनं बघायला लागले.

"जवाई लय गंभीर आहेत तुमचे."

"फायलीच पाहत राह्यते तो," मामाजी अभिमानानं म्हणाले.

मग मास्तरांनी सांगितलं, "एकानं निबंधात लिहिलं, गाय आमाले दूध देते, आणि आमचे बाबा त्यात पाणी देते!"

आणि मामाजी हसले. तोंड भरून! मी बारा वर्षं ज्याची वाट पाहिली ते हसू, तिरंग्यासकट!

चहाचा ट्रे घेऊन आलेली मुलगी जागीच थांबली.

"व्याही," मास्तर वाकून बघत म्हणाले, "दातावर हे काय काढलं जी?"

मामाजींनी सगळ्यांदेखत कवळी काढली, तळहातावर धरली आणि निरखली. मग माझ्याकडे बघितलं.

"हे तुमचं व्हय काय? टेबलाखाली हेच शोधून राह्यले होते?"

फायली, ऑफिस, बारा वर्षं, सगळं मी एका दमात कबूल केलं. विमानं दिवाणात आहेत, हेसुद्धा. मुलीला हसू आवरेना. ट्रेमधले कप खुळखुळले. आणि मामाजी बोळक्या तोंडानं असे हसायला लागले, की मास्तरांनी मांडीवर थाप मारली.

"ठरलं! माह्या पोरीले असंच घर पायजे!"

परतताना मामाजी इतकंच म्हणाले, "घरी गेल्यावर दाखवजा मले विमानं."

संध्याकाळी तो गोल काढायला मी कवळी भिंगाखाली धरली आणि बघतच राहिलो. एक सुरकुती नाही, एक बुडबुडा नाही, केसभर तिरका नाही. जर्मन चिमटा घेऊन, श्वास रोखून इतकी वर्षं माझ्या एकाही विमानावर गोल सरळ बसलेला नाही, आणि मामाजींनी तो नुसत्या जिभेनं बसवला होता!