लहान कापलेली काच

खजुरीच्या स्टँडवर बस येईपर्यंत अप्पांनी माझी बॅग खांद्यावरून उतरवली नाही. भेटेल त्याला थांबवून सांगत होते, "पोरगं फस्ट क्लासात पास झालंय. पुण्याला जायलाय." मी खाली मान घालून उभा. लोकांना वाटलं, घर सोडताना भरून आलंय.

खरं तर मला बी.कॉम.ला बेचाळीस टक्के पडले होते. दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढे कलबुर्गीच्या कॉलेजात पुस्तकं इंग्रजी आणि सर समजावणार कन्नडमध्ये. माझं कन्नड बाजारापुरतं. पण ही कारणं आता सुचतात. तेव्हा अप्पांनी "कसं झालं रं?" विचारलं आणि मी "फर्स्ट क्लास" म्हणून मोकळा झालो. अप्पा आळंदच्या अडतीत मापाडी, दिवसभर तुरीची पोती काट्यावर तोलणारे. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, एवढ्याच भरवशावर मी खोटं बोललो.

निकालाच्या दुसऱ्याच दिवशी ते आळंदहून मार्कशीटची फ्रेम करून घेऊन आले आणि बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लावली. गावातल्या तुमच्यापैकी जे आमच्याकडे चहाला आले, त्यांनी ती पाहिली असेल. माझं नाव दिसायचं, विषय दिसायचे, पण उजवीकडचा गुणांचा रकाना मागे दुमडला गेला होता. "काच लहान कापली फ्रेमवाल्यानं," अप्पा म्हणाले. मी मनातल्या मनात त्या फ्रेमवाल्याच्या पाया पडलो.

पुण्यात एका गोडाऊनच्या ऑफिसात, आधीच काढून ठेवलेल्या मार्कशीटच्या झेरॉक्सवर नोकरी लागली. शिफ्ट, टार्गेट, डिस्पॅच हे शब्द तोंडात बसले. दर रविवारी अप्पांचा फोन यायचा. तब्येत, पाऊस, जेवण झालं की विचारायचे, "आनि काय सांगतोस?" मी म्हणायचो, "काही नाही, अप्पा." ते पुन्हा एकदा पावसाचं विचारायचे, मग म्हणायचे, "बरं, ठिवतो." त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. अजून रविवारी फोन वाजला की आधी नाव बघतो.

यंदा पार्ट-टाइम एमबीएचा फॉर्म भरला. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं साहेब झाली होती, आता एमबीएशिवाय पुढं सरकणं नव्हतं. फॉर्ममध्ये एक चौकट होती: पदवीला गुण कमी असल्यास कारण लिहा. ती मी कोरीच ठेवली होती. मुलाखतीला तो फॉर्म आणि मूळ मार्कशीट घेऊन जायचं होतं, म्हणून गावी आलो आणि फ्रेम उतरवली.

मागचा पुठ्ठा काढला. घडी अगदी सरळ होती, नखानं दाबून घातलेली.

आई तूर निवडत बसली होती. म्हणाली, "तुज्या अप्पानंच घातली ती घडी. मापाडी मानूस त्यो. काट्यावरचे आकडे इंग्लिशच असत्यात की."

मी पुठ्ठा खाली ठेवला. "मग मला बोलले कामून न्हाईत?"

"तू सांगशील म्हनून वाट बघायलेला. फोन लावताना म्हनायचा, आज सांगंल बघ."

त्या रात्री मी चौकट भरली. मुलाखतीत मॅडमनी घडीवर बोट ठेवून विचारलं, तेव्हा इंग्रजीत पाठ केलेलं उत्तर गिळलं आणि हेच सगळं मराठीत सांगितलं. त्यांनी कागद जपून परत दिला. पंधरा दिवसांनी अ‍ॅडमिशनचा मेल आला. आनंद झाला, नाही असं नाही. पण सांगायला फोन हातात घेतला आणि बोट अप्पांच्या नंबरवर गेलं.

गावाकडं राहिलेल्यांनो, माझ्यासारखं निघून गेलेल्यांनो, घर म्हटलं की मला आता ती एकच भिंत आठवते. गेल्या आठवड्यात मोठी काच घालून मार्कशीट तिथं पुन्हा लावली. सगळे आकडे दिसतात, मधून घडीची रेघही दिसते. आई चहा ठेवायला आत गेली. मी भिंतीसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "अप्पा, मला बेचाळीस टक्केच पडले व्हते."

आत आईनं स्टोव्ह बंद केला. मी आणखी काही सांगतो का, ते ती ऐकत होती.