संदर्भयादीतला बाळू

“मॅडम, फोटोच काढून टाकू. म्हणजे प्रश्नच मिटला,” निघोट सर म्हणाले.

मी लाल पेनाला टोपण लावलं. वाद घालायचा असला की मी आधी पेन बंद करते. कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीची सगळी वर्षं काढली, तिथली ही सवय. रिटायर झाल्यापासून घोडेगावातच घराच्या पुढच्या खोलीत बसून मी प्राध्यापकांचे पेपर जर्नलच्या फॉरमॅटमध्ये बसवून देते. स्वल्पविराम कुठे, टिंब कुठे, कुठलं नाव आधी, असली किरकिरी कामं. लोकांना कंटाळा येतो, मला येत नाही.

निघोट सर बॉटनीचे. डोंगरातली माणसं भाताचं बियाणं कीड न लागू देता वर्षभर कसं ठेवतात, यावर त्यांचा पेपर. जर्नलला तो आवडला होता, पण संदर्भ आमच्या पद्धतीत नाहीत, सोमवारपर्यंत दुरुस्त करून पाठवा, असा मेल आला होता. पेपर छापून आल्याशिवाय सरांना पीएचडीचा प्रबंध देता येणार नव्हता, आणि त्याची वाढवून घेतलेली मुदतही संपत आली होती. त्यांची झोप उडाली होती, ते तोंडावरून दिसतच होतं.

काम तसं सरळ असतं. मजकुरात कंसात नाव आणि वर्ष येतं, ते सायटेशन. शेवटच्या यादीत त्याचा पूर्ण पत्ता येतो, तो रेफरन्स. दोन्हींचा जोडा जुळला पाहिजे. मी प्रिंट काढते, पट्टी ठेवते आणि एकेक जोडा टिक करत जाते. सरांनी निम्मी आडनावं आधी लिहिली होती, निम्मी शेवटी. एक पुस्तक यादीत दोनदा होतं. दुपारपर्यंत सगळं ताळ्यावर आलं.

या जर्नलचा आणखी एक नियम होता. पुस्तकातली नव्हे, तोंडी मिळालेली माहिती असेल, तर सांगणाऱ्याचंही पूर्ण नाव, गाव आणि तारीख यादीत हवी. सोबत त्याचं संमतीपत्र. सरांच्या पेपरात सगळ्यात महत्त्वाचा परिच्छेद असाच तोंडी होता. धान्य साठवायच्या बांबूच्या कणगीत बियाण्याच्या थरावर चाळलेली राख, त्यावर निरगुडीचा वाळवलेला पाला, परत बियाणं. सांगणारा माणूस, बाळू असवले, तळेघरजवळची वाडी. खाली फोटो: कणगीत पाला पसरणारे दोन हात. ओळ होती, ‘माहिती देणारी व्यक्ती काम करताना’.

त्या हातांत कोपरापर्यंत नाही, पण मनगटभर हिरव्या बांगड्या होत्या.

“सर, बाळू बांगड्या भरतो का?”

सरांनी वही उघडली. वहीत नाव लिहिलं होतं, ‘बाळूची आई’. आपल्याकडे बाईला तिच्या नावाने कोण हाक मारतं? सरांनीही ऐकलं तसंच उतरवून घेतलं. मग संमतीपत्राची वेळ आली, तेव्हा सही बाळूने केली, आणि कागदावरचं नाव यादीत गेलं. सरांनी लबाडी केली नव्हती. सवयीने झालं होतं, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

“फोटो काढून टाकला तर कुणाच्या लक्षातही येणार नाही,” सर म्हणाले. “तुम्ही फक्त फॉरमॅटिंग बघा ना मॅडम.”

“फॉरमॅटिंगच बघतेय. रेफरन्स म्हणजे पत्ता. उद्या कुणी त्या पत्त्यावर गेला, तर त्याला उत्तर मिळालं पाहिजे. आज शुक्रवार आहे. सकाळच्या गाडीने तळेघरला जाऊ.”

“आणि ते नवीन संमती द्यायला नाही म्हणाले तर? परिच्छेदच जाईल. मग पेपरात उरलं काय?”

मी नवं संमतीपत्र प्रिंट केलं आणि नावाची जागा कोरी ठेवली.

शनिवारी तळेघरला उतरून वाडीपर्यंत चालत गेलो. बाळू अंगणात बांबूच्या कामट्या काढत बसला होता. पन्नाशीचा, हसरा माणूस. त्याने पाणी दिलं, चहा टाकायला सांगितला. मी येण्याचं कारण सांगितलं, तसा त्याचा चेहरा उतरला.

“आईचं नाव कशाला, मॅडम? सातबारा, रेशन, गॅस, समद्यावर माझंच हाय. म्या सही दिलीया की सरांना.”

“दिलीत. मग एकच सांगा बाळूभाऊ. निरगुडीचा पाला कुठे वाळवायचा?”

“कुठं म्हंजी? उनात. वाळायला ऊनच लागतंय की!”

घरातून हसण्याचा आवाज आला. त्याची आई चहा घेऊन दारात उभी होती. “उनात वाळवला तर वासच जातुया त्याचा. किडं खुशाल राहत्यात मग. सावलीत वाळवायचा, दाराआड. एवढी वर्सं बघतुया, कळलं न्हाई तुला?”

सरांच्या पेपरात सावलीतच लिहिलं होतं. बाळूने कान खाजवला आणि तोही हसला. “मला कुठं ठावं? ते आईच करती.”

“मावशी, तुमचं नाव सांगा,” मी म्हणाले.

तिने आधी लेकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “हौसाबाई. पर मला कुणी म्हनत न्हाई तसं.”

मी संमतीपत्र सावकाश वाचून दाखवलं. कुठे छापणार, कोण वाचणार, सगळं. तिने दोनदा विचारलं, “नाव माझंच लिवनार नव्हं?” मग पदराला हात पुसून अंगठा उठवला. साक्षीदार म्हणून खाली सही केली बाळूने.

सोमवारी दुपारी पेपर गेला. फोटो जागच्या जागी होता.

छापून आल्यावर आम्ही प्रत घेऊन वाडीवर गेलो. यादी इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लागते, त्यामुळे असवले हौसाबाई सगळ्यात वर. मी त्या ओळीवर बोट ठेवलं.

“ह्यी मी?”

“हो.”

“आन माज्या खाली कोन हाय?”

“एक प्रोफेसर आहेत. मोठे.”

“त्यान्ला राख चाळता येती का?”

“ते काही लिहिलेलं नाही.”

“मंग बसू दे खालीच,” हौसाबाई म्हणाल्या, आणि कागद घडी न घालता आत घेऊन गेल्या.

सरांचा प्रबंध मुदतीत गेला. त्याची यादीही मीच केली. त्यात बाळू असवले हे नाव आहे, कणगी कशी विणतात या मुद्द्याला. ती मात्र मी त्याला समोर बसवून बुडापासून काठापर्यंत विणायला लावली, आणि मगच पेनाचं टोपण काढलं.