एक कान उघडा

सोनारी सोडली त्या सकाळी अण्णांनी, माझ्या वडिलांनी, मला आशीर्वाद दिला नाही, ताकीद दिली. परंड्याची एसटी लागली होती, आई रडायच्या बेतात होती. पाया पडायला वाकताना मी सॅक बाकावर ठेवली, तर अण्णांनी झडप घालून ती उचलली आणि माझ्या पोटाशी दाबली. म्हणाले, "हातातलं खाली ठिवू नगंस. पुण्यात तर अजिबातच न्हाय."

सोनारीचे असाल तर यात नवल वाटणार नाही. काळभैरवाच्या देवळाभोवती वानरांचं राज्य आहे आणि देवळासमोर अण्णांचं नारळ-रेवड्यांचं दुकान. परगावचे भाविक पिशवी क्षणभर खाली ठेवतात आणि मग शिखराकडे बघत हात जोडतात, ते देवासाठी नसतात, वर पिशवी घेऊन बसलेल्या वानरासाठी असतात. आम्ही गावचे लोक मात्र जन्मापासून सावध. पंगतीतही ताट गुडघ्याने अडवून जेवतो. पुण्यात, सुरतेत, दुबईत गेलेल्या माझ्या गाववाल्यांनो, तुमच्या हातांकडे बघा. पिशवी अजून पोटाशीच असेल.

अण्णांचा संशय वानरांपुरता नव्हता. माझ्यावर तर फारच होता. पुण्यात मी स्पीकर भाड्याने देणाऱ्याकडे लागलो, मग कॉट बेसिसच्या खोलीत कानाला हेडफोन लावून स्वतःचं संगीत करायला लागलो, मग क्लबमध्ये डीजे म्हणून वाजवायला. पण आमच्याकडे डीजे म्हणजे टेम्पोवर रचलेल्या स्पीकरच्या भिंती, वरातीतली भांडणं आणि मागोमाग पोलीस. अण्णांनी चुलतभावाला काहीतरी निमित्त करून पुण्याला धाडलं, मी नेमकं काय करतो ते बघायला. त्याने परत जाऊन इमानदारीत सांगितलं की हा एकटाच उभा असतो, बटणं फिरवतो आणि लोक नाचतात. त्यामुळे अण्णांचा संशय दुप्पट झाला. नाचणारे नाचतात, मग याला कशाला बोलावतात, असं अण्णांचं म्हणणं पडलं.

मीही त्यांचाच मुलगा. माझी गाणी असलेला पेनड्राइव्ह मी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालतो, भैरवाच्या ताईताशेजारी. कुणी फार गोड बोलून माझ्या ट्रॅकची फाईल मागितली की मला शिखरावरची शेपटी दिसते. पुढे रॉटरडॅमच्या एका क्लबमध्ये दर शनिवारी वाजवायचं काम मिळालं. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने माझा कंट्रोलर, गाणी वाजवायची ती बटणांची पेटी, उलटीपालटी करून पाहिली, तेव्हा मला राग आला नाही. उलट ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

तिथे माणसं टेबलावर लॅपटॉप सोडून कॉफी आणायला जातात. मला ते बघवत नाही. मी त्या अनोळखी लॅपटॉपवर नजर ठेवून बसतो, धनी परत येईपर्यंत. माझी बायको मारिट हसते. पण समुद्रावर गेलो की सीगल नावाचे ते दांडगे पक्षी लोकांच्या हातातले फ्राईज पळवतात, आणि सगळ्या किनाऱ्यावर माझाच पुडा शाबूत असतो. त्या दिवशी मारिट मुकाट्याने तिचाही पुडा माझ्याकडे देते.

एवढं सगळं चांगलं चाललं असताना एक गोष्ट मात्र सलत राहिली. हजारो लोकांनी ऐकलं, पण अण्णांनी माझं काम कधी ऐकलं नाही. गिऱ्हाइकाने विचारलं की सांगायचे, पोरगं कंपुटरमदी हाय. फोनवर "जेवलास का" झालं की गप्प बसायचे. माझ्यामागे कसले आवाज येतात ते ऐकतायत, हे मला कळायचं. मीही गप्प बसायचो. त्यांना माझी लाज वाटते असा माझा संशय होता, आणि तो विचारून खरा करून घ्यायची माझी छाती नव्हती.

यंदा यात्रा होऊन गेल्यावर मी गावी आलो. गर्दी ओसरली होती, दुपारी दुकानात आम्ही दोघंच. मी हेडफोन त्यांच्यापुढे धरले. त्यांनी ते फिरवून पाहिले, आतली गादी दाबून पाहिली, करंट तर बसत नाही ना विचारलं. मग एकच कान झाकला, दुसरा मागे सारला. मी म्हटलं, अण्णा, दोन्हीकडून ऐका.

"दोन्ही झाकलं तर मागनं कोण येतंय ते कळंल कसं?"

क्लबच्या बूथमध्ये मी अस्साच उभा असतो. एका कानात पुढचं गाणं, दुसरा हॉलकडे उघडा. हे कुठे शिकलास असं मला कुणी विचारलं, तर मी पुणं सांगायचो.

गाणं सुरू केलं. थोड्या वेळाने अण्णांच्या कपाळावर आठी आली. वानरं हाकलायला ते दुकानाच्या पत्र्यावर काठी आपटतात, दोनदा लागोपाठ आणि मग जरा थांबून एकदा. सारखं एकाच अंतराने आपटलं की वानरं सरावतात. त्या आवाजावरच माझा सगळा ट्रॅक उभा आहे.

"ही आपली काठी हाय," अण्णा म्हणाले.

"व्हय."

"कवा नेलीस?"

मी सांगितलं, दिवाळीला आलो होतो तेव्हा, मोबाईल नारळाच्या पोत्यावर ठेवून. अण्णांनी हेडफोन उतरवले. मग हेडफोन डाव्या हाताने पोटाशी धरून त्यांनी उजव्या हाताने काठी उचलली आणि पत्र्यावर हाणली. दोनदा, मग एकदा. वरची वानरं धडाधडा पिंपळावर गेली. अण्णा मान तिरकी करून ऐकत होते.

"हाय अजून हितंच," ते म्हणाले.

तिकडे मुलाखत घेणारे मला हमखास विचारतात की तुझं घर कोणतं. आजवर मी काहीबाही सांगत आलो. आता सांगेन, मी आवाज घेऊन गेलो तरी जिथला आवाज कमी झाला नाही, ते. त्यांना कळेल असं वाटत नाही.

तेवढ्यात एक भाविक बाई नारळ घ्यायला आल्या. अण्णांनी हेडफोन गल्ल्याजवळ ठेवले होते. हे काय आहे म्हणून बाईंनी कौतुकाने हात पुढे केला, तशी काठी आडवी आली.

"माझ्या पोराचं हाय," अण्णा म्हणाले. "डीजे हाय त्यो. हात लावू नका."