बंड्याचे जंत आणि आमचा ठराव

आमच्या घरात कुणाच्याही गळ्यात साखळी घालायची नाही, असा ठराव आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, आयुष्यभर स्वातंत्र्य-समतेची पत्रकं छापून वाटत आले. मी अक्षरं शिकले तीही त्या पत्रकांवरच. त्यामुळे गटारीकडेला सापडलेलं काळं पिल्लू मी घरी आणलं, त्याचं नाव बंड्या ठेवलं आणि पट्टा आणायला निघालेल्या आईला दारातच अडवलं.

"तो मोकळाच राहणार."

"ऱ्हाऊ दे की. पर पोट बघ त्याचं, नगारा झालाय."

महिन्याभरात नगारा वाढला आणि केस गळाले. आधी डोळ्यांभोवतीचे, मग पाठीवरचे. बंड्या भाजून सोललेल्या वांग्यासारखा दिसायला लागला.

शेजारच्या काकू मिरच्या घेऊन आल्या. "नजर लागलीया. उतरून टाकतो."

मी त्यांना अंधश्रद्धेवर एक अख्खं भाषण दिलं. (आवाज कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टॉपपर्यंत गेला, असं नंतर कळलं.) काकूंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बरं. मग केस आलं का त्येला?"

राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. पोटात जंत, अंगावर खरूज. जंतांनी ताकद खाल्ली, म्हणून खरूज बळावली. औषध दिलं, जंत पडले, मी विज्ञानाचा विजय काकूंच्या दारात जाऊन जाहीर केला. जंत परत आले. परत औषध, परत विजय, परत जंत. काकूंनी दार उघडणं बंद केलं.

डॉक्टरीणबाई वैतागल्या. "औषध बरोबर हाय. ह्यो बाहेर काय खातोय?"

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या मागं गेले. मोकळा बंड्या मान वर करून थेट मटणाच्या दुकानामागच्या उकिरड्यावर गेला आणि कच्च्या आतड्यांवर तुटून पडला.

"बांधा त्याला," उकिरड्याचं ऐकून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अंगात रक्त उरलं न्हाय त्याच्या. असंच चाललं तर हे पोर जगत न्हाय."

"पण आमच्या घरात तत्त्व आहे..."

"ते जंतांना लई मानवलंय."

घरी बैठक बसली. बंड्या अण्णांच्या पायावर पडून होता, भुंकायचंही विसरला होता. शेवटी मीच दुरुस्ती मांडली: साखळीचं एक टोक बंड्याच्या गळ्यात, दुसरं माझ्या कमरेला. बंधन दोघांना समान. अण्णांनी सगळ्यात आधी हात वर केला. दुरुस्ती मंजूर झाली.

"आता दोघं मिळून भाकरी थापा," आई म्हणाली.

मग आम्ही एकत्र जेवलो, झोपलो, एकत्र पाहुण्यांसमोर गेलो. घरचा भात, उकडलेलं अंडं आणि वेळेवर औषध. जंत गेले ते गेलेच. मग एका सकाळी पाठीवर काळी लव दिसली आणि बघता बघता बंड्या कुळकुळीत झाला. मला इतका अभिमान वाटला, की मी इस्त्रीचा ड्रेस घालून त्याला सगळ्या पेठेतून मिरवायला काढलं. काकूंच्या दारासमोरून तर दोनदा.

मटणाच्या दुकानाजवळ बंड्याला नवी ताकद आठवली. तो सुटला, म्हणजे आम्ही सुटलो. भर रस्त्यातून एका चपलेवर पळत मी दुकानाच्या पायरीला येऊन आदळले. दुकानदारानं सुरी बाजूला ठेवली, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, आणि वाकून बंड्याला विचारलं, "काय पावणं, आज माणूस फिरवाय आणलंय व्हय?"

मी त्याला समान बंधनाचं तत्त्व नीट समजावून सांगणार होते, पण बंड्या पुढं निघाला.