रडारच्या नळीतला अंगठा

फौंड्रीत बायकांना एकच काम असे, कोअर करण्याचं. ओतीव वस्तू आतून पोकळ हवी असेल, तर त्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा ठोकळा आधी करावा लागतो. वाळूत जवसाचं तेल आणि साखर कारखान्यातली मळी कालवायची, लाकडी पेटीत ठासायची, पेटी अलगद उघडायची आणि आतला आकार भट्टीत भाजायचा. गडी तो साच्यात ठेवतात, भोवती धातू ओततात, आणि धातू गार झाला की कोअर सळईने फोडून काढतात. काल जीव लावून केलेलं काम आज झाडूने गोळा करायचं. उद्यमनगरात हंबीररावांच्या फौंड्रीत हाफिजा वर्षानुवर्षं हेच करत होती, आणि अजून रोजंदारीवरच होती. काय काम करतेस असं कुणी विचारलं तर म्हणायची, "लोखंड गडी वततात. आतलं पोकळ मी करतो."

तिचा नवरा फक्रुद्दीन याच फौंड्रीत साचे भरायचा. वाळूची धूळ छातीत बसली आणि तो घरी बसला, म्हणजे खाटेवर बसला, कारण आडवं झालं की त्याला श्वास पुरत नसे. तोही रोजंदारीवरचाच. कायम कामगाराला विम्याचं कार्ड मिळायचं आणि त्या कार्डावर घरच्यांनाही दवाखाना, औषधपाणी. हाफिजाला आयुष्यात दुसरं काही नको होतं. एकदा कायम व्हायचं आणि नवऱ्याला चांगल्या डॉक्टरपुढे बसवायचं.

ऐंशी साल उलटल्यावर एकदा हंबीरराव बेंगलोरहून नकाशा घेऊन आले. एरवी इंजिनाचे भाग ओतणारा हा माणूस त्या दिवशी हवेतच होता. त्यांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "सरकारला रडारचं इमान पायजे. जमिनीवरच्या रडारला डोंगराआडचं, खालनं येनारं दिसत न्हाय. हे वर फिरनार आन् शत्रू निगाला की हितं आधीच कळनार."

"आमच्या गल्लीत शालूबाई हाय की," हाफिजा म्हणाली. "उंबऱ्यात बसून पावणं कुणाकडं आल्यात ते पावण्यांच्या आधी सांगती."

सगळे हसले, हंबीररावही. विमान अजून कागदावरच होतं. त्यातल्या यंत्रांना गार हवा पोचवणारी ॲल्युमिनियमची एक वाकडी नळी नमुना म्हणून करून द्यायची होती. आतून गुळगुळीत, कुठे खडबड चालणार नाही. म्हणजे खरं काम हाफिजाचंच. हंबीररावांनाही ते कळत होतं. "हाफिजाबी, ऑर्डर लागू दे. पयली कायम तुला करतो," ते चारचौघांत म्हणाले.

पहिला नमुना गेला. वाट पाहून सगळे थकले तेव्हा उत्तर आलं, नळी चांगली आहे पण नकाशा बदललाय, वाक मोठा करा. वाक मोठा केला. मग एक साहेब स्वतः आले. त्यांनी बाही सारून नळीत कोपरापर्यंत हात घातला आणि डोळे मिटून आतून चाचपत राहिले. हाफिजा बघत होती. तिच्या कामाला आजवर कुणी हात लावून पाहिलंच नव्हतं. "छान आहे," साहेब म्हणाले, आणि जाता जाता, वजन जास्त होतंय, पातळ करा, असंही म्हणाले. सरकारी कामाला घाई कधी नसते. घाई असते ती खाटेवर बसलेल्या माणसाच्या छातीला.

फक्रुद्दीन रोज संध्याकाळी विचारायचा, "लागली का ऑर्डर?" तिने नाही म्हटलं की म्हणायचा, "लागंल." पुढे पुढे त्याला एवढं बोलतानाही धाप लागायला लागली, तेव्हा तो नुसता मान वर करून बघायचा.

तिसऱ्या नमुन्याच्या वेळी पेटी उघडताना कोअरचा एक कोपरा निखळला. असं होतंच. हाफिजाने ओली वाळू घेतली, अंगठ्याने दाबून कोपरा भरला. आता अंगठ्याच्या खड्ड्यावर लेप देऊन गुळगुळीत करायचं, एवढ्यात शालूबाई फौंड्रीच्या दारात येऊन उभी राहिली. "चल लवकर. फक्रुभाऊला सरकारी दवाखान्यात न्हेलंय." हाफिजा होती तशी धावली. ती परत कामावर येईपर्यंत आकारामने, साचे भरणाऱ्या गड्याने, कोअर तसाच भाजला होता, नळी ओतली होती आणि खोक्यात घालून खिळेही ठोकले होते.

आत अंगठा राहिला होता. कोअरवर जिथे खड्डा, तिथे नळीत उंचवटा. साहेब आत हात घालतो हे हाफिजाने स्वतः पाहिलं होतं. हंबीररावांना सांगावं तर खोकं बेंगलोरला निघून गेलं होतं, आणि सांगायला तोंडही होईना. दवाखान्यातून घरी आणलेल्या नवऱ्यालाच तिने सांगितलं. फक्रुद्दीन इतका हसला की खोकल्याची उबळ आली.

"खुळी का काय तू? आत हात घालून कोन बगतंय?"

"बगत्यात. मी बगितलंय."

"मग बगू देत. कुनीतरी केलंय एवढं तरी कळंल."

उन्हाळा गेला, पावसाळा गेला, उत्तर नाही. फक्रुद्दीन त्या हिवाळ्यात गेला. दवाखाना उशिरा मिळाला असं लोक म्हणाले. हाफिजाच्या मनाने हिशेब कधीच मांडला होता: अंगठ्यामुळे नळी बाद, नळीमुळे ऑर्डर गेली, ऑर्डर गेली म्हणून कार्ड नाही, कार्ड नाही म्हणून माणूस नाही. कोअर करताना ती आता प्रत्येक कोपरा पुन्हा पुन्हा चाचपायची. बाकीच्या बायका वैतागायच्या. तिने कारण कधी सांगितलं नाही.

मग एके दिवशी टेम्पोतून खोकं परत आलं. फळीवर फौंड्रीचं नाव लाल रंगात तसंच, आकारामने ठोकलेले खिळे तसेच, आवळलेली पट्टीही जशीच्या तशी.

"उघडलंच न्हाय की ह्येनी," आकाराम म्हणाला.

हंबीरराव दारातल्या बाकावर बसले. तेही थकले होते. "इमान हितं करायचं का भायेरच्या देशातनं घ्यायचं, ह्येच त्येंचं ठरंना झालंय. तवर सगळं थांबवा म्हनत्यात. गोदामात पडून हुतं." मग ते आकारामला म्हणाले, "फोड, आन् टाक भट्टीत. ॲल्युमिनियम तरी मिळंल."

आकारामने फळी उचकटली. हाफिजाने बांगड्या मागे सारल्या आणि नळीत हात घातला. वाकाच्या पुढे, कोपऱ्याशी, तिच्या अंगठ्याला अंगठा लागला. गार, टणक, तिच्याच मापाचा. तिची चूक कुणी धरली नव्हती, कारण कुणी पाहिलंच नव्हतं. एवढे दिवस जे उरावर घेऊन ती वावरली, ते गोदामातल्या अंधारात पडून होतं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिला फक्त संताप आला, आणि तोही पुरता येण्याआधीच दमून गेला.

"नमुना बाद केला असता तरी चाललं असतं, मालक," ती म्हणाली. "बगायला तरी पायजे हुतं."

हंबीररावांना ते नीट कळलं नाही, पण तिचा चेहरा बघून ते वरमले. "भट्टीत नको टाकायला," ते म्हणाले. "तुझ्या हातचा पीस हाय. घरला न्हे, हाफिजाबी."

तिने हात बाहेर काढला, पदराला पुसला आणि नळी आकारामकडे सरकवली.

"न्हिऊन दाखवू कुनाला?"