बासोड्याच्या दिवशीची पेनल्टी

चूल न पेटलेल्या घराला एक वेगळाच वास असतो. काल संध्याकाळी तळून ठेवलेल्या पुऱ्यांचा गार, तुपकट वास, मातीच्या भांड्यात रात्रभर आंबलेल्या बाजरीच्या राबडीचा, म्हणजे आपल्या आंबिलीचा वास, आणि या सगळ्यांच्या तळाशी रोजच्या फोडणीची, उतू जाणाऱ्या दुधाची, ठेचलेल्या आल्याची जाणवत राहणारी अनुपस्थिती. होळीनंतरच्या अष्टमीला जयपुरात शीतलामातेचा बासोडा असतो. आदल्या दिवशी रांधलेलं गार अन्न देवीला दाखवायचं, तेच दिवसभर खायचं आणि गॅसला हात लावायचा नाही. मुरलीपुऱ्यात ज्यांच्या वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहते त्या सरोज आंटी या बाबतीत इतक्या कडक, की माझ्या खोलीतल्या शेगडीवरही त्या दिवशी त्यांचा पहारा असतो. पूर्वी त्या या दिवशी चाकसूच्या जत्रेला जायच्या, आता गुडघे ऐकत नाहीत म्हणून तो सगळा उत्साह माझ्यावर उतरतो. सकाळी चहा मिळाला नाही की कोल्हापूरच्या माणसाचं डोकं कसं फिरतं, हे सहा वर्षांत मला त्यांना पटवता आलेलं नाही. पण यंदा चहा मिळाला असता तरी मी शांत बसले नसते. उजाडल्यापासून मी गच्चीवर येरझाऱ्या घालत होते, कारण दहा वाजता ऑफिसातल्या लोकांचा फुटबॉलचा सामना होता आणि त्या सामन्यात खेळणारा एक पाहुणा माझ्या पुढच्या दोन वर्षांचा निर्णय करणार होता.

पाहुणा म्हणजे डॅन, आमचा अमेरिकेतला वरिष्ठ. आमची कंपनी तिकडच्या एका खेळसाहित्य विकणाऱ्या दुकानासाठी काम करते. कोणत्या गिऱ्हाइकाला काय दाखवलं म्हणजे तो ते विकत घेईल, याचा माग काढणं हे माझं पोटापाण्याचं साधन. या उन्हाळ्यात विश्वचषक त्यांच्याच अंगणात भरणार, म्हणून त्या मंडळींना एकाएकी प्रश्न पडला होता की आपल्या लोकांना फुटबॉलचं वेड का लागत नाही. कोल्हापूरची म्हणून तो अहवाल माझ्या गळ्यात पडला. तो डॅनला आवडला, आणि मग कळलं की तिकडच्या कार्यालयात दोन वर्षांसाठी एक जागा आहे आणि तिच्यासाठी दोनच नावं उरली आहेत, एक माझं आणि एक आमच्या पुण्याच्या शाखेतल्या कुणा तरुणाचं. परतीच्या विमानात बसण्याआधी डॅन त्यांतलं एक पक्कं करणार होता. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की ते कुणापुढे बोलायचीही भीती वाटत होती. रोज सकाळी ज्यांच्याशी फोनवर बोलते त्या माझ्या वडिलांना, अण्णांनाही, मी महिनाभर त्यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. आई गेल्यापासून अण्णा कोल्हापुरात एकटे असतात. जयपूरच त्यांना लांब वाटतं.

त्या अहवालात मी काय काय लिहिलं होतं! या खेळाला उसंतच नाही, पाऊण तास चेंडू पळतच राहतो, मग मध्ये जाहिराती घुसवायच्या कुठे. त्यांच्या वर्षाचे सगळे ऋतू आधीच दुसऱ्या खेळांनी वाटून घेतले आहेत. त्यांना प्रत्येक क्षणाचा आकडा लागतो, किती पावलं पुढे गेला, किती फटके मारले, आणि हा खेळ दीड तास जीव खालीवर करून शेवटी हातावर एखादाच आकडा ठेवतो, कधी तोही ठेवत नाही. लहानपणी मात्र तिथली जवळजवळ सगळी पोरं हा खेळ खेळतात. शनिवारी आई गाडीत घालून मैदानावर नेते, मध्यंतरात संत्र्याच्या फोडी मिळतात, आणि आवाज फुटायच्या वयात ती पोरं पायमोजे काढून ठेवतात आणि दुसऱ्याच खेळांकडे वळतात. आता चित्र थोडं पालटतंय, तिथल्या मुली तर उत्तमच खेळतात, हेही मी प्रामाणिकपणे लिहिलं. सगळं खरं होतं, आणि तरी ते पाठवल्यावर मला कसलंसं अपुरेपण टोचत राहिलं, जसं पत्रावर सगळा पत्ता नीट लिहावा आणि नावच राहावं.

कारण मला खेळ कळला होता तो असा कारणांच्या यादीतून नव्हे. अण्णा आमच्या पेठेच्या तालमीच्या संघाचे गोलकीपर. सामन्याच्या दिवशी पेठेतली निम्मी दुकानं दुपारनंतर ओस पडायची, आणि संघ हरला तर त्या रात्री आमच्या गल्लीत कुणी कुणाला जेवलास का म्हणून विचारत नसे. मला भाऊ नाही. अण्णांनी मलाच दोन विटांच्या मध्ये उभं केलं आणि कोकणातून वर चढलेल्या ढगांच्या करड्या उजेडात, ओल्या मातीच्या वासात, संध्याकाळच्या संध्याकाळ माझ्यावर चेंडू मारले. चेंडूकडं बघू नको, ते सांगत, चेंडू खोटं बोलतो, मारणाऱ्याच्या कमरेकडं बघ. शून्य-शून्य सुटलेल्या सामन्यावर तर त्यांचा विशेष जीव. असे सामने त्यांना तारीखवार आठवतात, आणि सांगताना त्यांचे हात हवेत आपोआप उठतात. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा आनंद मला अजूनही हातांच्या तळव्यांतच आठवतो.

सामना विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्राच्या पाठीमागच्या मोकळ्या मैदानावर होता. सुट्टीमुळे यंत्रं बंद होती, तरी हवेत वंगणाचा आणि तापून निवलेल्या लोखंडाचा वास होता, आणि होळी सरल्यानंतरचं ते कोरडं, पिवळं ऊन धुळीतून तिरपं उतरत होतं. आमचे सगळे सहकारी क्रिकेटवाले. चेंडू पायाशी आला की त्यांना पाहुणा दारात आल्यासारखं अवघडायला होतं. आमचे इथले साहेब शेखावतजी माझ्याच संघात. सुरुवातीआधी ते गोलपाशी आले, हातमोजे घालणाऱ्या माझ्याकडे न बघता, जाळी नीट करण्याचं निमित्त करून त्यांनी अगदी प्रेमानं सांगितलं, की पाहुणे इतक्या लांबून आलेत, त्यांचा एक गोल तर व्हायलाच हवा. यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. या शहरात पाहुण्याच्या ताटात त्याला न विचारता वाढतात, आणि तो नको म्हणाला तर आणखी वाढतात. गोल हाही त्यांना वाढायचाच पदार्थ वाटला. माझ्या मस्तकात तिडीक गेली. पण मी मान हलवली, आणि होकारार्थी हलवली, हे इथे कबूल केलं पाहिजे.

मग सगळा आनंदीआनंद सुरू झाला. डॅन पन्नाशीचा, पोट थोडं सुटलेला, पण पायांत जुनी जाण असलेला माणूस. तो चेंडू घेऊन आला की आमचे बचाव करणारे लोक अदबीनं बाजूला होत. एवढी वाट मोकळी मिळूनही बिचाऱ्याचे तीन चेंडू बाहेर गेले. शेवटची दोन मिनिटं उरली असताना तो एकटाच माझ्यासमोर आला. त्याची कंबर वळली, त्यानं जोरात मारला, आणि मी काही ठरवायच्या आत माझे हात चेंडूवर होते. छातीशी चेंडू, तोंडात धूळ, कोपर सोललेलं. शेखावतजींचा चेहरा असा झाला होता, जणू मी पंगतीतून पाहुण्याला उठवलं. मला मात्र हसू आवरेना. वर्षानुवर्षं मी इतकी खूश झाले नव्हते.

शिट्टी झाली. शून्य-शून्य. मंडळी घाम पुसत पाण्याकडे वळली, आणि डॅन मैदानाच्या मध्यात तसाच उभा राहिला. मग जिंकलं कोण, त्यानं विचारलं. कुणीच नाही, असं कुणीतरी सांगितलं, तर तो अस्वस्थ हसला आणि म्हणाला की असं अर्ध्यात कसं घरी जायचं, एक पेनल्टी होऊन जाऊ दे. शेखावतजींनी ती कल्पना हवेतल्या हवेत झेलली. चेंडू चुन्याच्या ठिपक्यावर ठेवला गेला. पळत्या खेळात विचार करायला वेळ नसतो, तिथे हात खरं बोलून टाकतात. इथे चेंडू स्थिर होता, आणि मला वेळच वेळ होता. त्या वेळात मला विमान दिसलं, पुण्याचा तो तरुण दिसला, शेखावतजींपुढे हलवलेली माझी मान दिसली. डॅनची कंबरही दिसली, अगदी स्वच्छ. मी दुसऱ्या बाजूला झेप घेतली.

परतताना गाडीत बसले तोच अण्णांचा फोन. किती गोल खाल्लेस, हा त्यांचा पहिला प्रश्न. शून्य-शून्य, मी म्हणाले. सामना तसाच तर सुटला होता. ते इतके हरखले की पलीकडे कुणाला तरी ओरडून सांगितल्याचं मला ऐकू आलं.

सगळ्यांचं जेवण सरोज आंटींनी हौसेनं आपल्याकडे ठेवलं होतं. त्यांनी डॅनला जमिनीवर बसवून गार पुऱ्या, कैरीचं लोणचं, गुळाचे तळलेले गुलगुले आणि वाटीभर राबडी वाढली, आणि आज देवीला थंडावा हवा असतो, आज विस्तव म्हणून नाही, हे हिंदीत सांगितलं. ते मी त्याला समजावून दिलं. त्याला ते फार आवडलं. बाकीचे लोक पत्रावळी उचलत असताना तो भिंतीला टेकून बोलू लागला, आणि माझ्या अहवालात जे राहून गेलं होतं ते त्यानं सहज सांगितलं. बारा वर्षांचा असेपर्यंत तोही गोलकीपरच होता. एका शनिवारी त्यानं एकामागून एक सगळे चेंडू अडवले, एकही आत जाऊ दिला नाही, आणि सामना बरोबरीत सुटला. गाडीत त्याचे वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग सिग्नलला थांबल्यावर एवढंच म्हणाले, की म्हणजे कुणीच जिंकलं नाही तर. वाईट माणूस नव्हते ते, डॅन म्हणाला, त्यांना खरंच कळलं नव्हतं की काय म्हणून अभिनंदन करायचं. पुढच्या हंगामात त्यानं बेसबॉल घेतला.

मग त्यानं फोन पुढे केला. शेखावतजींनी काढलेली पेनल्टीची चित्रफीत त्यानं वडिलांना पाठवली होती. ते आता वृद्धाश्रमात असतात, पंच्याऐंशीच्या पुढचे. उत्तरात फक्त एक उंचावलेला अंगठा आणि दोन शब्द होते, शेवटी जिंकलास. ते दोन शब्द मी पुन्हा वाचले. मला वाटलं, आता गप्प राहिले तर आयुष्यभर गप्प राहीन.

“तो मी जाऊ दिला,” मी म्हणाले. “मुद्दाम.”

त्यानं फोन खिशात ठेवला. राबडीची वाटी उचलून तळाचा घोट संपवला.

“माहीत आहे,” तो म्हणाला. “मी चार वर्षं गोलमध्ये उभा होतो. पण वडील अजून मी जिंकायची वाट बघत असतात.”

त्याच्या आवाजात राग नव्हता, उपहास नव्हता. थोडी लाज होती, आणि ती मला ओळखीची वाटली. जागेबद्दल तो काही बोलला नाही. मीही विचारलं नाही. थोड्या वेळानं सगळे गेले, आंटी भिंतीला पाठ लावून पेंगू लागल्या, आणि मी पुन्हा गच्चीवर आले. दुपार अंगावर येत होती. शेजारच्या कडुनिंबाची जुनी पानं वाऱ्याबरोबर गच्चीभर सरकत होती, आणि मी त्यांच्यातून या टोकाहून त्या टोकाला जात होते. पायांना थांबताच येत नव्हतं. एका पोरानं अडवलेल्या चेंडूंचं कुणाला काही वाटलं नाही म्हणून एक खेळ सोडून दिला, आणि आज त्याच्यासमोर मी अडवलेल्या चेंडूचं मोल मीच पुसून टाकलं. त्याच्या बापाला निदान ठाऊक नव्हतं. मला तर ठाऊक होतं. आणि वर मी माझ्या बापाला सोयीचा आकडा ऐकवला होता.

मी अण्णांना फोन लावला. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ते एकट्यापुरता भात लावतात आणि तो नेहमी जास्त होतो. मी एका दमात पेनल्टीचं सांगून टाकलं. 

“चेंडू कुठं आला?”

“उजवीकडं.”

“आणि तू?”

“डावीकडं.”

“त्याची कंबर दिसली नव्हती?”

“दिसली होती, अण्णा.”

गॅसची कळ बंद केल्याचा खट् आवाज आला. ते रागावले असते तर मी भांडले असते, भांडायची माझी पूर्ण तयारी होती. पण ते अगदी साधेपणानं, जणू एखादा हिशेब नीट लागल्यासारखे म्हणाले, “मग बरोबर बाजू तुला ठाऊक होती की गं.”

खाली रस्त्यावरून कुणी देवळातून परतत होतं, हातात रिकामी थाळी आणि पाण्याचा लोटा. इथल्या आणि कोल्हापूरच्या, दोन्ही घरांत आता विस्तव नव्हता. मी कठड्याला टेकून पहिल्यांदाच उभी राहिले. ती जागा मला मिळेल की नाही हे अजून ठाऊक नव्हतं, पण महिनाभर रोज सकाळी फोनवर मी कुठल्या बाजूला झेप घेत आले होते ते मला दिसलं.

“अण्णा,” मी म्हणाले, “जरा खुर्चीवर बसा. अजून एक सांगायचं राहिलंय.”