महादेव बसवला आन जागा गेली

माझी बायको गेली तवा तिला बसवायला जागा न्हवती.

आमच्या लिंगायतांत मेल्या माणसाला जाळत न्हाईत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात, हातात त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग देतात, विभूती ठेवतात आन माती लोटतात. ओढ्याच्या कडंला गावाचा मसणवटा होता. आमचं पहिलं लेकरू तिथंच हाय, रांगायच्या आत गेलेलं. बायको म्हणायची, "मला त्याच्या बाजूला बसवा. एकटंच हाय ते."

लातूर जिल्हा नवा झाला तवाची गोष्ट. हापिसांना जागा पायजेत म्हणून मोजणीवाले साखळी घेऊन मसणवट्यात फिरले. कागदावर जमीन सरकारी निघाली. गावातल्या जाणत्यांनी डोकं चालवलं. देव बसवला की सरकार हात लावत न्हाई म्हणले. दुष्काळ असा की प्यायला टँकर, पण सिमिट कालवायला पाणी मिळालं. चार भिंती उभ्या केल्या आन महादेव बसवला.

झालं उलटंच. कुणीतरी दरखास्त दिली, सरकारी जमिनीवर एका धर्माचं देऊळ कसं? सरकार सगळ्यांचं हाय का एका देवाचं? बोलणं खोटं न्हवतं. मला आजबी खोटं वाटत न्हाई. कोर्टानं हुकूम दिला, निकाल लागंस्तोवर जैसे थे. म्हंजे देऊळ पाडायचं न्हाई आन नवा खड्डाबी खंदायचा न्हाई. कागद जुन्या जिल्ह्याच्या कोर्टातून लातूरला यायचे होते. जुनं म्हणे पाठवले, नवं म्हणे आलेच न्हाईत. वकील म्हणायचा, "येऊन राहिलेत."

त्यातच बायको दुष्काळी कामावर खडी फोडता फोडता उन्हानं पडली, ती उठलीच न्हाई.

भावकीनं तिला डोलीत बसवून मसणवट्याकडं नेलं. वाटंवर पोलीस जमादार उभा. ओळखीचा, हात जोडून म्हणला, "काका, मला काय बोलू नका. खड्डा खंदला की माझी नौकरी जाती."

"मग हिला काय करू? घरी नेऊन भाकरी थापायला लावू?"

त्यानं टोपी काढली. बाजूला झाला न्हाई.

माझी चुलती डोलीमागून बोलली, "महादेवाला आत ऱ्हायची मुभा हाय. मेलेल्यालाच बंदी."

कुणी हसलं न्हाई. ऊन चढत होतं. शेवटी आमच्याच शेताच्या बांधाला खड्डा घेतला. भुई इतकी वाळलेली की पहार उडून हातावर यायची. मी विधी करायला आलेल्या जंगम स्वामींना म्हणलं, "तिचं तोंड ओढ्याकडं करा. लेकरू तिकडं हाय."

"रीत उत्तरेची हाय बाबा."

"कोर्टाचं ऐकलं, आता तुमचंबी ऐकतो," म्हणलं. तिला उत्तरेला बसवलं. ओढा तिच्या पाठीला गेला.

निकाल लागला तवर माझे केस पिकले. देऊळ हटवा, मसणवटा गावाला असू द्या. महादेवाला गावात आणून ठेवलं, आता तिथं खुशाल खड्डे घेतात. मी स्वामींकडं गेलो, तिला तिकडं न्यावं का इचारलं. म्हणले, एकदा बसवलेल्याला उठवत न्हाईत.

परवा पोरानं इचारलं, "दादा, तुमची जागा कुठं धरू? आईपाशी का मसणवट्यात?"

तिच्यापाशी बसलो तर लेकरू तसंच एकटं ऱ्हातं. लेकरापाशी बसलो तर ती बांधाला एकटी.

"बघू," म्हणलं. अजून सांगितलं न्हाई.